गावकीने वाळीत टाकले आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचा आधार प्रत्यक्षात कसा घ्यावा?

प्रश्न : चाकरमानी_परळ

नमस्कार. माझे आईवडील आणि धाकटा भाऊ त्याच्या कुटुंबासह रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतात, आणि मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो. गेल्या माघात माझ्या बहिणीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. वडील त्या लग्नाला गेले आणि साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. पंधरा दिवसांनी देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक बसली. वडिलांनी पंचवीस हजार रुपये दंड भरावा, देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी आणि मुलीशी संबंध तोडल्याचे सर्वांसमक्ष सांगावे, असे त्यांना बजावण्यात आले. वडिलांनी नकार दिला. त्या रात्रीपासून आमचे घर वाळीत आहे, आणि आमच्याशी जो बोलेल त्याला पाच हजार रुपये दंड ठरला आहे. गावकीतले सगळे आमच्याच जातीचे आहेत, निम्मे तर भावकीतले आहेत.

शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणापर्यंत आली आणि आमचे घर सोडून पुढे गेली. आईने ओटीचे ताट तयार ठेवले होते. ते तिने संध्याकाळपर्यंत उचलले नाही. लावणीला एकही माणूस आला नाही, म्हणून भावाने आणि वहिनीने दोघांनीच जमेल तेवढी लावणी केली आणि उरलेले रान पडीक राहिले. एकदा आई तांदळाचा डबा घेऊन गिरणीवर गेली. पट्टा फिरत होता, पीठ पडत होते, आणि गिरणीवाल्याने तिच्याकडे न पाहता सांगितले की गिरण बंद आहे. डबा डोक्यावर घेऊन ती परत आली आणि त्यानंतर आजतागायत ती गिरणीवर गेलेली नाही. भाऊ आता तालुक्याहून दळून आणतो. भावाची मुलगी तिसरीत आहे. शाळेत तिच्यासोबत खेळायचे नाही, असे इतर मुलांना घरून सांगितलेले आहे. गावाच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातून माझे नावही काढून टाकले गेले.

भाऊ पोलीस ठाण्यात गेला होता. तिथे त्याला सांगण्यात आले की हा तुमच्या गावचा अंतर्गत मामला आहे, आपसात मिटवा. बराच वेळ बसल्यावर अदखलपात्र नोंद करून तिची प्रत हातात दिली. माझे प्रश्न असे आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे असे ऐकले आहे; तो 'गावकी'ला लागू होतो का, की फक्त जातपंचायतीला? बैठकीचा कोणताही कागद नाही, ठराव तोंडी आहे; मग पुरावा कशाचा द्यायचा? आणि उद्या हा कायदा न्यायालयात टिकला नाही तर आम्ही अधिकच उघडे पडणार नाही ना? आईवडिलांना त्याच गावात राहायचे आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद : तालुका_वकील

आपल्या घरावर जे चालले आहे त्याला कायद्यात नाव आहे आणि शिक्षाही आहे, ही गोष्ट आधी आईवडिलांना सांगा. कायद्याचे पूर्ण नाव 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६' असे आहे आणि तो ३ जुलै २०१७ पासून राज्यात अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चिथावणी देणारा आणि मदत करणाराही त्यातून सुटत नाही. वसूल झालेल्या दंडातून पीडिताला भरपाई देण्याची तरतूद आहे, आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा असे कायदाच सांगतो.

'गावकी' हा शब्द आडवा येत नाही. समाजातल्या व्यक्तींच्या वागण्यावर नियंत्रण ठेवणारी आणि त्यांचे तंटे सोडवणारी मंडळी, मग ती नोंदणीकृत असोत वा नसोत, कोणत्याही नावाने ओळखली जात असोत आणि त्यांचे फर्मान तोंडी असो वा लेखी, जातपंचायतीच्या व्याख्येत येतात. कोकणात तिला गावकी म्हणतात, दुसरीकडे पंच म्हणतात, आणखी कुठे समाजाची कमिटी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. शिवाय गुन्हा फक्त पंचायतीनेच करावा लागतो असेही नाही, एकटी व्यक्तीही तो करू शकते.

बहिष्कार म्हणजे काय, याची कायद्यातली यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा ती लिहिणाऱ्याने गावे पाहिलेली होती असे मला वाटते. लग्न, अंत्यविधी आणि इतर धार्मिक विधींत अडथळा आणणे, स्मशानभूमी, पाणवठा, शाळा, समाजमंदिर यांचा वापर नाकारणे, व्यवहार आणि रोजगार तोडणे, कुटुंबातली नाती तोडायला भाग पाडणे, एवढेच काय, एखाद्या घरच्या मुलांबरोबर इतर मुलांना खेळू न देणे, हेसुद्धा त्यात आहे. आपल्या पुतणीची गोष्ट आपण शेवटी लिहिलीत. अर्जात ती मागे ठेवू नका.

आता पोलिसांबद्दल. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तो नोंदवून तपास करू शकतात, म्हणून अदखलपात्र नोंद करून बोळवण करणे चुकीचे आहे. तो जामीनपात्र मात्र आहे, त्यामुळे मंडळी लगेच तुरुंगात जातील अशी अपेक्षा ठेवू नका आणि तशी भीतीही गावात कुणी पसरवू देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी खबर द्यावी आणि पोच घ्यावी. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आता आहे, आणि हा गुन्हा नेमका त्या कडेवर येतो. म्हणून 'चौकशी चालू आहे' असे उत्तर आले तर तारीख लिहून ठेवा आणि चौदा दिवस मोजा. ठाण्यात खबर घेतलीच नाही तर तीच खबर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची, आणि तिथेही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे. या कायद्याखाली पीडित किंवा त्याच्या कुटुंबातली व्यक्ती थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करू शकते. धमकी देऊन दंड मागितला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा आरोपही तपासून पाहावा लागेल.

पुराव्याची चिंता बहुतेक सर्वांना असते, कारण बहिष्काराचा कागद कुणीच करत नाही. तो सिद्ध होतो तो एकामागून एक घडलेल्या घटनांच्या मालिकेतून. कोणत्या दिवशी, कुठे, कोण काय बोलले किंवा कोण काय बोलले नाही, त्या वेळी आसपास कोण होते, हे एका वहीत ओळीने उतरवा. व्हॉट्सॲप गटातून काढल्याचा संदेश आणि त्याआधीचे निरोप ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका आणि त्यातले काही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्यासोबत द्यावे लागते, ते मी किंवा कोणताही वकील तयार करून देईल. आणि ती अदखलपात्र नोंद फाडून टाकू नका. त्या तारखेला भाऊ ठाण्यात जाऊन काय सांगत होता याचा तो सरकारी कागद आहे.

प्रतिसाद : पालावरची_लेक

दादा, तुमच्या आईच्या डब्याबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी भटक्या जमातीतली आहे. हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी आमचे घर आठ वर्षे जातीबाहेर होते. चुलत्याने पंचांचा निवाडा सोडून कोर्टात दावा लावला, हे कारण झाले. माझी आजी त्याच काळात गेली. समाजातले एकही माणूस आले नाही, आणि वडिलांच्या सोबत कामाला असणाऱ्या परक्या चौघांनी तिला खांदा दिला. त्यानंतर वडिलांनी कर्ज काढून दंड भरला आणि पंचांनी आम्हाला 'जातीत घेतले'. तेव्हा पोलिसांकडे जाण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता, कारण जायचे तरी कोणत्या कलमाखाली?

वाळीत टाकणारे तुमच्याच जातीचे आहेत, हीच या कायद्याआधी खरी अडचण होती. अनुसूचित जाती-जमातींवर इतरांनी सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अस्पृश्यता पाळायला नकार दिला म्हणून कुणाला समाजातून काढले तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. पण आपल्याच माणसांनी, आपल्याच जातीत, लग्नावरून किंवा वर्गणीवरून किंवा कोर्टात गेला म्हणून वाळीत टाकले, तर त्या अन्यायाला स्वतःचे कलम नव्हते. दंगल, कट, खंडणी अशी इकडची तिकडची कलमे जुळवून लावावी लागत, आणि बहुतेकदा ती लागतच नसत.

हा कायदा कुणी वरून दिलेला नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. २०१३ च्या जूनमध्ये नाशिकमध्ये एका गरोदर तरुणीचा तिच्याच वडिलांनी आंतरजातीय लग्नाच्या कारणावरून खून केला, आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जातपंचायत मूठमाती अभियान' हाती घेतले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, तरी ते काम थांबले नाही. समितीचे कार्यकर्ते कृष्णा चांदगुडे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत राहिले, आणि कितीतरी कुटुंबे पहिल्यांदाच आपले नाव लावून बोलू लागली. नगर जिल्ह्यातल्या मढीच्या यात्रेत जिथे आमच्यासारख्यांच्या पंचायती बसत आणि निवाडे होत, तिथेही हा प्रश्न जाऊन पोचला. १३ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, विधेयक एकमताने मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमती यायला २०१७ चा जून उजाडला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य आहे. तुमच्या भावाला ठाण्यात कुणी पुन्हा 'अंतर्गत मामला' म्हणाले, तर त्याने न घाबरता सांगावे की राज्याच्या विधिमंडळाने हा मामला अंतर्गत नाही असे ठरवून बरीच वर्षे झाली आहेत.

आणखी एक. भाऊ ठाण्यात एकटा जाऊ नये. समितीची शाखा जिल्ह्यात असेल तर तिचा एखादा कार्यकर्ता सोबत घ्या. लेखी अर्ज आणि सोबत दोन माणसे असली की बोलण्याची पद्धत बदलते, हे मी इतरांच्या प्रकरणांत अनेकदा पाहिले आहे.

प्रतिसाद : निवृत्त_शिक्षक

मी कोकणातल्या गावांमध्ये तीस वर्षे शिक्षक म्हणून काढली आहेत. वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडे वेगळे मांडतो. वाळीत टाकणे वाईटच आहे, आणि लहान मुलांना त्यात ओढणे तर अक्षम्य आहे. परंतु खटला सुरू झाला की गाव दोन तटांत उभे राहते, आज मनातून आपल्या बाजूला असलेली माणसेही साक्षीच्या भीतीने दूर जातात, आणि खटल्याचा निकाल लागल्यावरही त्याच पाखाडीतून रोज चालायचे असते. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेखाली गावोगाव समित्या स्थापन झाल्या आहेत. आपल्या गावची समिती किंवा ग्रामसभा यांच्यामार्फत आधी एकदा बोलणे करून पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दोन प्रकरणांत मी स्वतः मध्यस्थी केली होती आणि दोन्ही घरे आज गावात नांदत आहेत.

प्रतिसाद : तालुका_वकील

गुरुजी, आपण ज्या भीतीकडे बोट दाखवता ती खरी आहे, आणि आपल्या दोन्ही मध्यस्थीत त्या कुटुंबांना दंड भरावा लागला नसेल तर मी त्यांना मनापासून चांगले म्हणेन. पण समेट कुठे होतो यावर सगळे अवलंबून आहे. गावच्या समितीत बसणारी माणसे आणि सभामंडपात ठराव करणारी माणसे बहुधा तीच असतात. तिथल्या समेटात शेवटी वडिलांनीच काहीतरी कबूल करायचे असते, रक्कम पंचवीस हजारांवरून पाच हजारांवर येते, नारळ मात्र राहतो, आणि मुलीचे नाव घरात घ्यायचे नाही हेही राहते.

याच कायद्यात तडजोडीचा मार्ग ठेवलेला आहे. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने हा गुन्हा आपसात मिटवता येतो, आणि तशी परवानगी देताना न्यायालय आरोपींना समाजसेवेची अट घालू शकते. म्हणजे मिटवायचे की नाही हे आईवडील ठरवतील, अटी न्यायाधीश पाहतील, आणि जे ठरेल ते कागदावर असेल. मिटवण्याची इच्छा असणाऱ्यांनीही आधी गुन्हा नोंदवणे हिताचे आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. शिवाय पुन्हा बैठक बसणार असल्याची कुणकुण लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना लगेच कळवा. बहिष्कार टाकण्यासाठी भरणाऱ्या जमावाला मनाई करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणून त्यांना आहे.

कायदा टिकेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. शंका निराधार नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच समाजबहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. कारण असे दिले की धार्मिक कारणांवरून सभासदाला बहिष्कृत करणे हा धर्मपंथाच्या स्वतःच्या व्यवस्थापनाचा भाग आहे आणि घटनेच्या अनुच्छेद २६ ने त्याला संरक्षण आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांनी त्यावर असहमती नोंदवली होती. माणसाची प्रतिष्ठा हिरावणारी प्रथा दूर करणारा कायदा म्हणून त्यांनी तो वैध मानला. १९६२ चा तो निर्णय फेरविचारासाठी १० फेब्रुवारी २०२३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

आपल्या प्रकरणाशी या वादाचा संबंध फार थोडा आहे. गावकी हा धर्मपंथ नाही. बहिणीच्या लग्नावरून गिरण बंद करणे आणि तिसरीतल्या मुलीला एकटे पाडणे हे कोणत्याही पंथाचे धर्माचरण आहे, असे न्यायालयात उभे राहून सांगायला कुणी तयार होईल असे मला वाटत नाही. २०१६ चा कायदा आज अमलात आहे आणि आपल्याला त्याचा आधार आजच घ्यायचा आहे.

प्रश्नकर्ता : चाकरमानी_परळ

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले चार दिवस रोज रात्री मी आईशी फोनवर बोलून वही लिहितो आहे. तिला इंग्रजी तारखा आठवत नाहीत, पण 'मृग लागायच्या आधीचा सोमवार', 'नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी' असे ती अचूक सांगते, आणि मी समोर कालनिर्णय ठेवून तारखा लावतो. आतापर्यंत एकोणतीस नोंदी झाल्या. त्यातल्या सहा मला माहीतच नव्हत्या. तिने त्या मला कधी सांगितल्या नव्हत्या.

गुरुजी, आपले म्हणणे वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, बोलायला मी केव्हाही तयार आहे, पण नारळ ठेवणार नाही. तेव्हा अर्ज देण्याचे ठरले आहे. सोमवारी मी स्वतः गावी जातो आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखेतल्या एका ताईंनी ठाण्यात सोबत येण्याचे कबूल केले आहे.

एकाच गोष्टीवर घरात एकमत नाही. आई म्हणते, अर्जात गिरणीवाल्याचे नाव आरोपी म्हणून घालायचे नाही. त्याने दळून दिले असते तर त्याला पाच हजार भरावे लागले असते, आणि गिरणीवर त्याचे महिन्याचे पोट आहे, असे तिचे म्हणणे आहे. भाऊ म्हणतो, त्याला वगळले तर उद्या प्रत्येक जण हेच कारण सांगेल. वकीलसाहेब, कायदा यावर काय म्हणतो?

प्रतिसाद : तालुका_वकील

खबरीत घटना जशी घडली तशीच लिहा. गिरणीवर काय झाले ते गाळू नका. मात्र ज्यांनी बैठक बोलावली, ठराव सांगितला आणि दंडाची रक्कम ठरवली, त्यांची नावे आरोपी म्हणून वेगळी लिहा, आणि गिरणीवाल्याबद्दल एवढेच लिहा की दंडाच्या भीतीने त्याने नकार दिला असे आमचे म्हणणे आहे. आरोपी कुणाला करायचे हे अखेर तपासी अधिकारी ठरवतील, परंतु आपल्या खबरीतून दिशा मिळते.

भावालाही एक गोष्ट सांगा. बैठकीत पाच हजारांचा दंड खरोखर ठरला होता, हे सभामंडपाबाहेरचे जर कुणी शपथेवर सांगू शकत असेल, तर तो गिरणीवालाच आहे. तो साक्षीदार म्हणून उभा राहिला तर आपल्याला हवा असलेला बैठकीचा कागद त्याच्या जबाबातून मिळेल. गावी गेल्यावर त्याच्याकडे आपण जाऊ नका, त्याच्यावर दबाव आणला असा आरोप होऊ शकतो. त्याचा जबाब पोलिसांना घेऊ द्या. आईंचे म्हणणे अर्जात त्यांच्याच शब्दांत येऊ द्या, आणि वहीची मूळ प्रत घरीच ठेवून पोलिसांना छायाप्रत द्या.